स्का ऐकायचं कसं? वरातीच्या बँडपासून जमैकापर्यंत

स्का म्हणजे जमैका या कॅरिबियन बेटावर जन्मलेलं नाचाचं संगीत. ते कसं चालतं ते सांगण्याआधी एक गोष्ट करून बघा. सावकाश एक, दोन, तीन, चार मोजा आणि प्रत्येक आकड्यावर पाय आपटा. आता दोन आकड्यांच्या मध्ये ‘अन्’ म्हणा: एक अन् दोन अन् तीन अन् चार अन्. पाय आकड्यावरच पडू द्या, टाळी मात्र फक्त ‘अन्’वर द्या. सुरुवातीला हात आणि पाय एकमेकांशी भांडतात. थोड्या वेळाने भांडण मिटतं आणि गुडघे आपोआप लवायला लागतात. या संगीतातलं बाकी सगळं, म्हणजे ट्रम्पेट, काळ्या-पांढऱ्या चौकटी, इंग्लंडातल्या दंगली आणि कॅलिफोर्नियातली उड्या मारणारी पोरं, या ‘अन्’भोवती उभं आहे.

तबल्याची ओळख असलेल्यांनी याला ‘खाली’ समजू नये. खाली ही आवर्तनातली ठरलेली जागा. केरव्यात ती एकदा येते आणि निघून जाते. इथे प्रत्येक मात्रेचे दोन तुकडे करायचे, पहिला सोडायचा, दुसरा उचलायचा, आणि गाणं संपेपर्यंत हेच करत राहायचं. ही जागा धरतात गिटार आणि पियानो. गिटारवाला कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे काही सूर, छेडतो आणि लगेच डाव्या हाताची बोटं तारांवर सैल सोडतो. त्यामुळे सूर लांबत नाही, ‘चक्’ असा तुटक आवाज येऊन थांबतो. या सगळ्याच्या तळाशी बेस (जुन्या ध्वनिमुद्रणांत उभा, माणसाएवढा डबल बेस) प्रत्येक मात्रेवर एकेक सूर टाकत चालत असतो. ड्रमचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. म्हणजे पाय टाकायचा कुठे ते बेस सांगतो आणि उचलायचा कधी ते गिटार.

नाशिककराच्या कानाला हे आधी चुकल्यासारखं वाटतं, त्यात नवल नाही. आपला कान ढोलावर वाढलेला. गणपतीची मिरवणूक असो की शिवजयंती, नाशिक ढोलाचा ठोका पडला की पाऊल पडलंच. हा ढोल पार केरळातल्या उत्सवांपर्यंत पोचला आणि तिथेही तो ‘नासिक ढोल’ म्हणूनच ओळखला जातो, इतकी त्याची पकड. स्कामध्ये ठोका असतोच, पण गंमत सगळी त्याच्यामागे राहिलेल्या फटीत भरलेली असते. त्या फटीची सवय व्हायला दोन-तीन गाणी लागतात, फार नाही.

मला स्वतःला या प्रकाराकडे तालाने ओढलं नाही, पितळेने ओढलं.

लग्नसराईत रविवार कारंजा ओलांडून पंचवटीकडे निघालेल्या वरातीच्या मागे रिक्षात अडकलात, तर बँड ऐकण्यावाचून दुसरं काही करता येत नाही. अशा वेळी शिव्या घालून झाल्या की वाद्यं नीट बघावीत: ट्रम्पेट, क्लॅरिनेट, कधी एखादा सॅक्सोफोन, पोटाशी धरलेला जाडजूड युफोनियम, साइड ड्रम, मोठा ढोल. यातली निम्मी वाद्यं स्काच्या बँडमध्येही असतात. फरक आहे तो कामात. वरातीत लोकांना गाणं ओळखू आलं पाहिजे, नाहीतर नवरदेवाचे मित्र नाचणार कशावर? म्हणून ट्रम्पेटवाला गायकाच्या जागी उभा राहतो आणि बाकीचे, कुणी वरच्या सप्तकात कुणी खालच्या, त्याचीच चाल धरतात. आता ढकलगाडीवर कीबोर्ड आला, माइक आला, माइकवर गाणाराही आला, तरी पितळेची सवय सुटलेली नाही.

स्कामध्ये पितळ गायकाची जागा घेत नाही, त्याच्याशी बोलतं. तो ओळ म्हणतो, हे उत्तर देतात. तो श्वास घ्यायला थांबतो, हे मध्ये घुसतात. तो गप्प बसला की सगळं गाणं हेच ताब्यात घेतात. या गटाला इंग्रजीतून आलेलं ‘हॉर्न सेक्शन’ हेच नाव आपल्याकडच्या स्टुडिओंतही चालतं. सॅक्सोफोन अंगाने पितळी, पण त्याचा आवाज वेताच्या पत्तीतून निघतो, म्हणून शास्त्राप्रमाणे तो बासरी-क्लॅरिनेटच्या घराण्यातला. तरी सेक्शनमध्ये त्याला कुणी परका मानत नाही.

गायकाशी बोलणारं पितळ आपल्याला अगदी नवं आहे असंही नाही. पुणतांब्याला जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी १९५१ सालच्या ‘अलबेला’त भगवानदादांना ज्या वाद्यवृंदावर नाचवलं, त्यात गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. त्या गाण्यांमधले पितळेचे पीस आजही वरातीत वाजतात. तो स्का नव्हे, तो अमेरिकन स्विंग, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाचा नाचरा जॅझ. पण त्याच सुमारास तोच अमेरिकन स्विंग जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनच्या हॉटेलांत जमैकन वादक वाजवत होते. मुंबईतल्या गोवेकरांनी त्याचं हिंदी चित्रपटसंगीत केलं, आणि किंग्स्टनवाल्यांनी पुढे काय केलं त्याचीच ही गोष्ट.

पितळ दोन्हीकडे एकाच वाटेने आलं, ब्रिटिश फौजेबरोबर. आपल्याकडे देवळालीसारख्या छावण्यांमधून कवायतीचे बँड वाजायचे. ते पाहून संस्थानिकांनी आपापले बँड उभे केले, आणि मग ही वाद्यं बाजारात उतरून लग्नाला लागली. त्यांचा कारखानाही देशातच झाला. मेरठच्या जलीकोठी भागात आजही ट्रम्पेट-युफोनियम घडवले जातात, आणि तिथल्या नादिर अली कंपनीची स्थापना १८८५ सालची आहे. जमैकाही ब्रिटिशांचीच वसाहत, तिथेही लष्करी बँड होता. पण तिथे आणखी एक जागा होती, आणि ती नसती तर बहुधा स्काला पितळ मिळालंच नसतं.

किंग्स्टनमधली अल्फा बॉइज स्कूल ही कॅथलिक नन्सनी चालवलेली संस्था १८८०ची. अनाथ मुलं, घरच्यांना आवरत नाहीत अशी मुलं, कोर्टाने पाठवलेली मुलं इथे यायची. त्यांना सुतारकाम, छपाई, शिवणकाम असे हातचे धंदे शिकवायचे, आणि त्यातलाच एक धंदा म्हणजे बँड. मोठं झाल्यावर लष्करी बँडमध्ये किंवा हॉटेलच्या वाद्यवृंदात पोट भरता येईल, एवढाच व्यवहारी हेतू. मुलं कागदावरचं स्वरलेखन वाचायला शिकायची, मार्च वाजवायची, शिस्तीत एका श्वासात सुरू व्हायची आणि एका श्वासात थांबायची. सिस्टर मेरी इग्नेशियस यांनी तिथे दशकानुदशकं मुलांच्या संगीताकडे लक्ष दिलं. त्यांचा स्वतःचा रेकॉर्डचा मोठा संग्रह होता आणि त्या मुलांना जॅझ, ब्लूज ऐकवायच्या. डॉन ड्रमंड, टॉमी मॅकुक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग, रिको रॉड्रिग्ज ही पुढची मोठी नावं सगळी या एका शाळेतली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी जे मुंबईच्या चित्रपटसृष्टीसाठी केलं, ते अल्फाने जमैकासाठी केलं. फरक इतकाच की अल्फाची मुलं समाजाने टाकलेली होती.

वादक तयार होते. त्यांना स्काकडे ढकललं ते धंद्यातल्या चुरशीने.

१९५०च्या दशकात किंग्स्टनमधल्या गरीब वस्त्यांत रेडिओ थोडे आणि मोठ्या हॉटेलातला वाद्यवृंद ऐकणं परवडायचं नाही. त्यामुळे लोक नाचायला जायचे ते साउंड सिस्टिमवर, म्हणजे मोकळ्या अंगणात रचलेले कपाटाएवढे स्पीकर, एक रेकॉर्ड प्लेअर आणि माइकवर बडबड करणारा एक जण. गणपतीत डीजेच्या भिंतीसमोर ज्यांची छाती हादरली आहे त्यांना जास्त सांगायला नको. क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड आणि ड्यूक रीड हे या धंद्यातले दोन दादा, आणि मागून आलेला तिसरा प्रिन्स बस्टर. ज्याच्याकडे दुसऱ्याकडे नसलेली अमेरिकन रेकॉर्ड, त्याच्याकडे गर्दी. म्हणून ही मंडळी रेकॉर्डवरचं नाव खरवडून टाकायची, प्रतिस्पर्ध्याला गाणं कुठलं ते कळू नये म्हणून. डॉडने एका अमेरिकन सॅक्सोफोनच्या धुनेला स्वतःचंच नाव देऊन ती वर्षानुवर्षं हुकमाच्या पानासारखी वाजवली. शेवटी रीडने मूळ रेकॉर्ड शोधून काढली आणि भर कार्यक्रमात लावली. डॉडची काय अवस्था झाली असेल ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

मग अमेरिकेतली आवड बदलली. जमैकनांना हवी असलेली नाचरी, सॅक्सोफोनवाली ऱ्हिदम अँड ब्लूज मागे पडून रॉक अँड रोल पुढे आलं आणि हव्या तशा नव्या रेकॉर्ड मिळेनाशा झाल्या. तेव्हा या साउंड सिस्टिमवाल्यांनी ठरवलं की मिळत नाही तर इथेच करू. हॉटेलात जॅझ वाजवणाऱ्या अल्फाच्या पोरांना गोळा केलं आणि सांगितलं, तसंच वाजवा. त्यांनी वाजवलं, पण तसंच आलं नाही. अमेरिकन शफलमध्ये, म्हणजे त्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या लंगडत चालणाऱ्या तालात, ‘अन्’वर हलका खटका असतोच. तो इथे वाढत वाढत गाण्याचा मालक झाला. जमैकाच्या जुन्या मेंटो लोकसंगीतातही बँजो त्याच जागेवर खटके द्यायचा, म्हणून लोकांना तो घरचाच वाटला. नेमकं कुणी आणि कोणत्या दिवशी हे केलं यावर तिथले जुने वादक आयुष्यभर भांडले. त्या भांडणात आपण पडू नये. ६ ऑगस्ट १९६२ ला जमैका स्वतंत्र झाला तेव्हा रस्त्यावर वाजत होता तो स्काच. नव्या देशाला स्वतःचा म्हणावा असा आवाज आयता मिळाला होता.

१९६४ साली यातले सर्वांत तयार वादक ‘द स्कॅटलाइट्स’ या नावाने एकत्र आले आणि १९६५ साली फुटलेसुद्धा. एवढ्याशा काळात त्यांनी स्वतःची गाणी तर केलीच, शिवाय किंग्स्टनमध्ये जो कोणी गायला उभा राहील त्याच्या मागे तेच वाजवायचे. बॉब मार्लेला आपण रेगेशी, म्हणजे स्कातूनच पुढे निघालेल्या सावकाश संगीताशी, जोडतो, पण त्याच्या ‘द वेलर्स’चं पहिलं गाजलेलं गाणं ‘सिमर डाउन’ शुद्ध स्का आहे आणि त्याच्यामागचं पितळ याच मंडळींचं. ध्वनिमुद्रण व्हायचं ते सगळे एका खोलीत, मोजक्या माइकभोवती उभे राहून. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि किरकोळ चुकलं तर तसंच राहू दे. त्या गाण्यांत जो घामट जिवंतपणा ऐकू येतो तो यामुळे.

स्कॅटलाइट्समधला एक माणूस वेगळा काढून ऐकावा असा आहे: ट्रम्बोनवाला डॉन ड्रमंड. ट्रम्बोनला ट्रम्पेटसारख्या कळा नसतात, एक लांब नळी पुढे-मागे सरकवून सूर बदलतात. ट्रम्पेटवर एका सुरावरून दुसऱ्यावर उडी घ्यावी लागते. ट्रम्बोनवर घसरत जाता येतं, आणि आपल्या कानाला ही घसरण लगेच कळते कारण आपण तिला मींड म्हणतो. ड्रमंडच्या चाली बहुतेक कोमल गंधाराच्या, उदास. ‘ईस्टर्न स्टँडर्ड टाइम’ ऐका. खाली ताल नाचतोय आणि वर हा माणूस कुठल्या तरी दुःखात बुडालाय, आणि दोन्ही एकमेकांना अजिबात अडवत नाहीत. स्काचा माझ्या मते सर्वांत खोल पैलू हाच, आणि पुढच्या पिढ्यांतल्या बऱ्याच बँडना तो कळलाच नाही. ड्रमंडचं आयुष्यही वाईट वळणावर गेलं. मानसिक आजार जुना होता. १९६५च्या सुरुवातीलाच त्याने आपल्या जोडीदारणीचा खून केला. तिचं नाव अनिता महफूद, मार्गारिटा या नावाने ती प्रसिद्ध नर्तकी होती आणि तिने स्वतःचं गाणंही ध्वनिमुद्रित केलं होतं. ड्रमंड १९६९ साली किंग्स्टनच्या मनोरुग्णालयात वारला. त्याच्या वादनाचं कौतुक करताना तिचं नाव गाळण्याची जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही.

आता पितळेच्या कारागिरीकडे येऊ, कारण खरी समजून घेण्यासारखी गोष्ट ती आहे.

स्कॅटलाइट्सचं ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’ मी पंचवटीतल्या एका जुन्या बँडमास्तरांना ऐकवलं. त्यांनी आधी विचारलं, “हा गिटारवाला मागे का पडतोय?” मी म्हटलं, “मास्तर, मागे नाही पडत, तो मुद्दाम तिथेच वाजवतो.” पुन्हा लाव म्हणाले. दुसऱ्या वेळी मांडीवर बोटं सुरू झाली.

“फुंकणारे किती?”

“पाच असतील.”

“पाच? आमचे पंधरा जण एवढा आवाज काढत नाहीत.” थोडं ऐकून स्वतःच म्हणाले, “आमचे पंधरा एकाच सुरात असतात ना. हे पाच जण पाच जागी उभे आहेत.”

याहून चांगलं मला सांगता येणार नाही, फक्त कारण जोडतो. एकसारखी दहा वाद्यं एकच सूर वाजवू लागली तरी आवाज दहापट वाटत नाही. आपल्या कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. पण तीन वाद्यांनी एकाच वेळी सा, ग आणि प वाटून घेतले, तर आवाज जाड होतो, भरतो, खोलीभर पसरतो. म्हणून बहुतेक हॉर्न सेक्शन तिघांचे: वर ट्रम्पेट, मध्ये सॅक्सोफोन, खाली ट्रम्बोन. तीन सुरांची कॉर्ड पुरी करायला तीन माणसं पुरतात, आणि चौथ्याला पैसे द्यायला बँडकडे सहसा नसतात.

हे तिघं सारखे कॉर्ड धरून बसत नाहीत. गाण्याची सुरुवात पुष्कळदा एकसुरात होते, अगदी वरातीसारखी, म्हणजे चाल डोक्यात बसते. मग गायक आला की ते मागे सरतात आणि अधूनमधून ‘पॅप्’ असा एकच तुकडा मारतात. हा तुकडा ऐकायला सोपा आणि वाजवायला महाकठीण. सुरुवात सगळ्यांना जमते, जिभेने ‘तू’ म्हटल्यासारखा झटका दिला की सूर सुटतो. पण तोडायचाही एकाच वेळी असतो. एक जण पापणी लवेल एवढा लांबला तरी तुकड्याचं शेपूट लोंबतं. चांगला सेक्शन आणि सुमार सेक्शन यांतला फरक मला तरी सूर संपण्याच्या जागी कळतो. कधी ते मागे लांब, मंद सूर धरून ठेवतात, पेटीच्या साथीसारखे. आणि मधल्या भागात एकेकाला मोकळं सोडतात, तो आपलं मन रमेल तसं वाजवतो, बाकीचे वाट बघतात. हा भाग थेट जॅझमधून आला.

एक तांत्रिक भानगड गायकांना आणि पेटीवाल्यांना मजेशीर वाटेल. ट्रम्पेटवाल्याने आपल्या कागदावरचा ‘सी’ वाजवला की प्रत्यक्षात पेटीवरची पांढरी एक वाजत नाही, काळी पाच वाजते. टेनर सॅक्सोफोनचंही तेच. अल्टो सॅक्सोफोनचा ‘सी’ म्हणजे काळी दोन. ट्रम्बोनवाला मात्र जे वाजतं तेच लिहितो. म्हणून पितळ असलेल्या बँडची गाणी बऱ्याचदा काळी पाच, काळी दोन, पांढरी चार अशा पट्ट्यांत असतात. गिटारवाले या पट्ट्यांना वैतागतात, कारण मोकळ्या तारा वापरता येत नाहीत. पण स्कामध्ये गिटारवाल्याला तारा दाबून लगेच सोडायच्याच असतात, तेव्हा मोकळ्या तारा नसणं उलट त्याच्या पथ्यावर पडतं.

१९६६च्या सुमारास जमैकात ताल सावकाश झाला. त्या वर्षी उन्हाळा भयंकर होता आणि लोकांना जलद नाचवेना, अशी एक गोष्ट तिकडे सांगतात. गोष्ट गोड आहे, पण नुसत्या उन्हाने संगीत बदलत नाही. तीन-तीन जणांचे गाणारे गट पुढे आले, बेसला चालण्याऐवजी थांबून बोलायला जागा मिळाली, आणि पितळेचं काम कमी झालं. हा रॉकस्टेडी. दोनेक वर्षांत तो आणखी जड होऊन रेगे झाला. स्का मिनिटाला साधारण १२० ठोक्यांनी पळायचा, रेगे त्याच्या जवळजवळ निम्म्याने चालतो. ‘अन्’ मात्र तिन्हींत तोच.

इकडे जहाजं भरून जमैकन माणसं १९४८पासून इंग्लंडला कामाला जात होती आणि जाताना रेकॉर्ड नेत होती. १९६४ साली मिली स्मॉल या जमैकन मुलीचं ‘माय बॉय लॉलिपॉप’ ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पण खरा स्फोट झाला तो १९७९ साली कोव्हेंट्रीत. मोटारींच्या कारखान्यांचं गाव, कारखाने बंद पडत चाललेले, तरुण बेकार, आणि काळ्या लोकांना हाकला म्हणणाऱ्या संघटना रस्त्यावर. तिथे जेरी डॅमर्सने काळ्या आणि गोऱ्या पोरांचा मिळून ‘द स्पेशल्स’ हा बँड काढला आणि ‘टू टोन’ नावाची रेकॉर्ड कंपनी. काळ्या-पांढऱ्या चौकटींचं चिन्ह म्हणजे तिची घोषणाच. पॉलीन ब्लॅक गायची तो ‘द सिलेक्टर’ त्याच गावचा, ‘मॅडनेस’ लंडनचा, ‘द बीट’ बर्मिंगहॅमचा. जमैकन तालावर इंग्रजी पंकचा, म्हणजे तेव्हाच्या कर्कश, बंडखोर रॉकचा, राग चढवला होता.

या काळातलं एक उदाहरण मला फार आवडतं. ‘अ मेसेज टू यू रूडी’ हे गाणं डँडी लिव्हिंगस्टनने १९६७ साली केलं. त्यातला ट्रम्बोन रिको रॉड्रिग्जचा, अल्फा शाळेतल्या त्याच रिकोचा. बारा वर्षांनी स्पेशल्सने तेच गाणं पुन्हा केलं, तेव्हा त्यांनी ट्रम्बोनसाठी बोलावलं कुणाला? रिकोलाच. दोन्ही गाणी एकामागोमाग लावा. पहिल्यात तो पाहुणा वादक आहे, दुसऱ्यात सगळा बँड त्याच्याभोवती रचलेला आहे. १९८१ साली स्पेशल्सचं ‘घोस्ट टाउन’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं ते नेमकं जुलैत, शहराशहरांत दंगली पेटलेल्या असताना. ओस पडलेल्या गावाचं गाणं आणि त्यात पितळ असं वाजतं की अंगावर काटा येतो. स्का म्हणजे हसरं, उड्या मारायचं संगीत असं कुणी सांगितलं तर त्याला हे ऐकवावं.

पहिली लाट जमैकातली, दुसरी ही टू टोनची, तर तिसरी अमेरिकेतली, १९९०च्या दशकातली. बोस्टनचा ‘द मायटी मायटी बॉसटोन्स’ (यांच्यात वाद्य न वाजवता फक्त नाचणारा एक पूर्णवेळ सदस्य होता), कॅलिफोर्नियाचे ‘रील बिग फिश’ आणि ‘नो डाउट’, फ्लोरिडाचा ‘लेस दॅन जेक’. गाण्याच्या कडव्यांत स्का, ध्रुवपद आलं की गिटार एकदम कर्कश आणि वेग जवळजवळ दुप्पट. पितळ आहे, चोख आहे, पण ते बहुतेक वेळा नुसतं आरोळ्या ठोकतं. यातली चार-पाच गाणी उत्तम, आणि सलग तासभर ऐकलं की डोकं दुखतं, असं माझं मत. १९९७ साली हे सगळं अमेरिकन रेडिओवर होतं आणि थोड्याच काळात तिथून गायबही झालं.

गेलं म्हणजे संपलं असं नाही. मेक्सिकोत स्काला प्रचंड श्रोता आहे, ‘पान्तेओन रोकोको’सारखे बँड तिथे मैदानं भरतात. जपानचा ‘टोकियो स्का पॅराडाइज ऑर्केस्ट्रा’ १९८५पासून अखंड चालू आहे. त्यांचा हॉर्न सेक्शन, ट्रम्पेट, ट्रम्बोन, टेनर आणि खर्जातला बॅरिटोन सॅक्सोफोन, एकदा तरी पडद्यावर बघावा, कानाइतकेच डोळेही कामाला लागतात. आणि दिल्लीत २००९ साली सुरू झालेला ‘द स्का वेंजर्स’. तरु दालमिया आणि मंडळींनी स्कावर थेट राजकारण गायलं, जे या संगीताच्या मुळाशी धरूनच आहे.

ऐकायला सुरुवात करायची तर ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’ने करावी. मूळ धून १९६१च्या युद्धपटातली, म्हणजे हीसुद्धा सिनेमाचं गाणं बँडवर वाजवायचीच गोष्ट. मग ड्रमंडचा ट्रम्बोन, मग रूडीची जोडी, मग ‘घोस्ट टाउन’. अमेरिकन मंडळी शेवटी. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये, त्यात बेस गळतो आणि बेस गेला की ‘अन्’ला टेकायला काही उरत नाही. साधे इअरफोनही पुरेत. पहिल्या फेरीत फक्त गिटार धरा, दुसऱ्या फेरीत फक्त पितळ, आणि पितळ वाजत नसतं तेव्हा ते कुठे गप्प आहे तेही मोजा.

आपल्या गावातल्या वादकांना हे जमेल का, असं मास्तरांना विचारलं तर म्हणाले, “कागद लिहून आणा, बघू.” कागद लिहिणाऱ्यासाठी एवढं सांगतो. ट्रम्पेट आणि अल्टो सॅक्सोफोन वरातीच्या बँडमध्ये मिळतात. ट्रम्बोन क्वचितच, गर्दीत नळी पुढे सरकवायला जागा कुठे? त्याचं काम युफोनियमला द्यावं, दोघांचा पल्ला जवळपास सारखा आहे. काळी पाचचा षड्ज तिघांकडून एकदम हवा असेल तर ट्रम्पेटच्या कागदावर ‘सी’ लिहायचा, अल्टोच्या कागदावर ‘जी’ आणि युफोनियमवाला ट्रम्बोनचा कागद वाचत असेल तर त्याला ‘बी फ्लॅट’. घसरण युफोनियमवर निघणार नाही, तिथे कळ दाबून सरळ पुढच्या सुरावर जायचं. ढोलवाल्याला मात्र पहिल्या दिवशी बोलावू नये. आधी या तिघांनी कीबोर्डवाल्याच्या ‘अन्’वर उभं राहायला शिकावं.